चिलटाचे दप्तर

महसूल खात्यात ज्यांची हयात गेली त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते, ती ही की जमीन जितकी थोडी तितका तिचा कज्जा मोठा. शेदोनशे एकरांचा धनी दोन ओळींत निकालात निघतो; आणि दोन शेतांमधल्या बांधाची हातभर रुंदीची पट्टी मात्र तीन पिढ्या कचेरीच्या पायऱ्या झिजवते, वकिलांची घरे बांधून देते, आणि अखेरीस वादी व प्रतिवादी दोघेही वारले तरी मिसलीच्या रूपाने जिवंत राहते. प्राणिशास्त्राच्या दप्तरातही हाच न्याय चालतो. वाघ समोर आला असता तो वाघच आहे किंवा कसे याची रुजुवात करण्यासाठी कोणी थांबत नाही, आणि जो थांबतो त्याची साक्ष पुढे उपलब्ध होत नाही. परंतु पिकल्या केळ्यावर घिरट्या घालणारे, लांबीला अडीच-तीन मिलिमीटर आणि वजनाला मिलिग्रॅमच्या आसपास भरणारे जे चिलट, ते नेमके कोण, कोणत्या कुळातले, त्याचे खरे नाव कोणते आणि ते नाव त्याला देण्याचा अधिकार प्रथम कोणास पोहोचत होता, याविषयीचे कागद युरोप-अमेरिकेत गेली सव्वादोनशे वर्षे साठत आले आहेत.

आपल्या लोकांनी हा प्रश्न फार पूर्वी, आणि माझ्या मते पुष्कळ व्यवहारी रीतीने, निकालात काढला होता. जी ताटावर बसते ती माशी. जे नासलेल्या फळावर जमते ते चिलट. जे डोळ्यांसमोर नाचता नाचता डोळ्यातच शिरते ते घुंगुरटे. आणि जे कोणाचे काही न बिघडवता ओलसर कोपऱ्यात उगाच तरंगत राहते ते केंबरे. जिल्हा बदलला की चिलटाचे केंबरे होते आणि केंबऱ्याचे चिलट, हे खरे. पण सरहद्दीवर असे व्हायचेच. या वर्गीकरणाचा पाया शरीररचना हा नसून उपद्रव हा आहे, आणि ज्याला दुपारी दोन घटका डोळा लावायचा आहे त्याला याहून सूक्ष्म शास्त्र लागत नाही. खुद्द कार्ल लिनियसने १७५८ साली आपल्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ या ग्रंथाची दहावी आवृत्ती काढून समग्र प्राणिसृष्टीची जमाबंदी केली, तेव्हा ज्यांना चाराऐवजी दोनच पंख असून मागच्या जोडीच्या जागी टोकाला गाठ असलेले दोन संतोलक असतात अशा कीटकांचा एक गण पाडला, आणि त्यातल्या बऱ्याचशा माश्या ‘मस्का’ या एकाच प्रजातीच्या खात्यावर टाकून तो पुढच्या कामाला लागला. मोठ्या अंमलदाराचे काम असेच असते. तपशिलाचा त्रास हाताखालच्यांना होतो; आणि या द्विपंखी गणात आज दीड लाखांहून अधिक जातींची नोंद झालेली आहे, यावरून तो त्रास किती झाला असेल याचा अंदाज करावा.

आता एखादे चिलट ओळखायचे म्हणजे काय करायचे? त्यासाठी शास्त्रज्ञांनी किल्ली म्हणून एक साधन केलेले आहे. किल्ली ही विधानांच्या जोड्यांची यादी असते. प्रत्येक जोडीतली दोन विधाने परस्परविरुद्ध असतात, आणि जे विधान समोरच्या माशीला लागू पडेल त्याच्यापुढे जो क्रमांक दिला असेल तिकडे आपण जायचे. ‘असे असल्यास ७ कडे जा, तसे असल्यास २३ कडे जा.’ ज्याने आयुष्यात एकदा तरी कचेरीतून दाखला काढला आहे त्याला ही पद्धत शिकवावी लागत नाही. २३ क्रमांकाच्या टेबलावर गेले असता तिथला इसम आपल्याला ४१ कडे धाडणार, आणि ४१ वर गेल्यावर कळणार की मुळात ७ वरची सही राहून गेली आहे, हे तो मनोमन धरूनच निघतो.

ईथरच्या वासाने गुंगवलेले चिलट पांढऱ्या चिनी मातीच्या फरशीवर घ्यावे, मऊ कुंचल्याच्या टोकाने त्याला कुशीवर वळवावे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहू लागावे, म्हणजे जी गोष्ट नुसत्या डोळ्यांना एक तपकिरी ठिपका म्हणून दिसत होती तिच्या जागी लाल डोळ्यांचा, सर्वांगावर काळे राठ केस उभारलेला, अत्यंत संतप्त दिसणारा एक प्राणी दिसू लागतो. किल्ली त्याच्या संतापाची दखल घेत नाही. शृंगिकेवरच्या केसाला पिसाप्रमाणे फाटे आहेत काय, आणि त्याचे टोक दुभंगलेले आहे काय? पंखाच्या पुढल्या कडेची शीर दोन ठिकाणी तुटलेली आहे काय? डोळ्याच्या कडेला कपाळावर तीन राठ केस असून त्यांपैकी एक पुढे झुकलेला आणि बाकीचे दोन मागे झुकलेले आहेत काय? इथवर सर्व ‘होय’ आले म्हणजे माणसाला उमेद येते, आणि तेवढ्यात किल्ली विचारते की पाठीवरच्या बारीक केसांच्या ओळी आठ आहेत की सहा. ही मोजणी सहाव्या ओळीपर्यंत आली की ईथरचा अंमल उतरतो आणि ज्याची मोजणी चालली होती तो इसम उठून चालू लागतो. म्हणून अनुभवी मंडळी जिवंत माशीच्या नादी लागत नाहीत. ती अल्कोहोलमध्ये बुडवलेली किंवा टाचणीला चिकटवलेली घेतात. पण टाचणीवरच्या माशीचे केस झडतात. मग ज्या ठिकाणी केस असावयास हवा होता तिथे त्याच्या मुळाची खळगी शोधावी लागते. खळगी सापडली तर केस होता असे धरून चालतात, जसे वतन गेले तरी आडनावावरून वतनदार ओळखतात.

या केसांच्या मांडणीला शास्त्राचा दर्जा देऊन १८८१ साली तिच्यावर स्वतंत्र निबंध लिहिणारा गृहस्थ म्हणजे बॅरन ओस्टेन-झाकेन; आणि हा मनुष्य व्यवसायाने रशियाच्या झारचा मुत्सद्दी असून न्यूयॉर्कमध्ये कॉन्सल जनरल होता. कोण कोणाकडे झुकला आहे, आणि झुकला असल्यास पुढे की मागे, हे न बोलता टिपून ठेवण्याचे जे शिक्षण परराष्ट्र खात्यात मिळते ते वाया जात नाही, याचा याहून सबळ पुरावा मला माहीत नाही.

एकंदरीत माशीच्या शास्त्राला माणसे लाभली तीही आडवाटेने आलेली. लिनियसचा डॅनिश शिष्य योहान ख्रिस्तियन फाब्रिसियस याने कीटकांचे वर्ग त्यांच्या मुखांगांवरून पाडावेत असे ठरवले. कोण काय खातो यावरून त्याची जात ठरवण्याची रीत आपल्या समाजाला नवी नाही, त्यामुळे आपल्यापैकी कोणी त्याच्याकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. परंतु तीन मिलिमीटरच्या प्राण्याचे तोंड अठराव्या शतकातल्या भिंगाखाली उघडून पाहणे म्हणजे काय दिव्य असेल याची कल्पना ज्याने केली त्याला योहान विल्हेल्म मायगेनविषयी आदर वाटल्यावाचून राहणार नाही. १७६४ साली जर्मनीतल्या झोलिंगेन येथे जन्मलेला आणि आखेनजवळच्या श्टोलबर्ग गावी शिक्षकी करून गुजराण करणारा हा मनुष्य. त्याने पाहिले की तोंड उघडण्याचे कारणच नाही, पंखांवरच्या शिरांचे जाळे प्रत्येक कुळाचे निराळे असते आणि ते पाहण्यासाठी माशीची परवानगीही लागत नाही. त्या शिरांचा माग काढत त्याने युरोपातल्या द्विपंखी कीटकांवर १८१८ ते १८३८ या वीस वर्षांत सात खंड लिहिले, तीन हजारांहून अधिक जातींची वर्णने केली, आणि उतारवयात आपला संग्रह पॅरिसच्या संग्रहालयाला विकला. शिक्षकाच्या मिळकतीत माश्यांचा छंदही परवडत नाही, ही गोष्ट युरोपातही खरी होती म्हणायची.

हिंदुस्थानच्या माश्यांची वर्दी ज्याने प्रथम मोठ्या प्रमाणावर घेतली तो एन्रिको ब्रुनेटी तर पेशाने संगीतकार होता. पुष्कळ वर्षे कलकत्त्यास राहून त्याने ‘ब्रिटिश हिंदुस्थानची प्राणिसृष्टी’ या ग्रंथमालेत १९१२, १९२० आणि १९२३ साली माश्यांचे तीन खंड प्रसिद्ध केले. दिवसभर लोकांना गाणे ऐकवून रात्री माश्यांचे पंख पाहत बसणाऱ्या या माणसाच्या चित्ताची ठेवण कशी असेल, हा विचार माझ्या मनात वारंवार येतो. श्रोत्यांपेक्षा माशी बरी, ती निदान मध्येच उठून जात नाही, असा अनुभव त्याला आला असल्यास नकळे. असो. शिक्षक, मुत्सद्दी, संगीतकार अशी ही यादी; तिच्यात एकही वकील नाही, आणि ती उणीव पुढे फार भासली.

कारण माशी ओळखली गेल्यावर खरा दावा सुरू होतो. प्राण्यांच्या नावांचा कायदा असा आहे की ज्याने प्रथम वर्णन करून नाव छापले त्याचे नाव चालावे, मागाहून आलेली नावे कितीही गोड असली तरी रद्दबातल. ही झाली सनद. पण सनदेच्या जोडीला जगात वहिवाट नावाची दुसरी एक वस्तू आहे. पन्नासशंभर वर्षे सर्वजण एका नावाने हाक मारीत असता कोणी जुना कागद आणून पुढे टाकला आणि म्हणाला की खरे नाव हे नव्हे, तर काय करायचे? अशा कज्ज्यांचा निवाडा करण्यासाठी १८९५ पासून प्राणिनामकरणाचा एक आंतरराष्ट्रीय आयोग बसलेला आहे. त्याच्याकडे रीतसर अर्ज जातो, अर्ज छापला जातो, उलटसुलट कैफियती येतात, सभासद मते देतात आणि क्रमांक घालून निकाल प्रसिद्ध होतो. दोन्हींकडले पक्षकार माणसेच असतात. ज्याच्या नावाबद्दल सगळे चाललेले असते त्याच्यावर समन्स बजावण्याची तरतूद नाही.

या आयोगापुढे जो सर्वांत चिवट दावा चालला त्याचे मूळ आपल्या मायगेनमास्तरांच्याच हातून पडले. १८०० साली त्यांनी माश्यांच्या नव्या वर्गीकरणाविषयी फ्रेंच भाषेत एक लहानशी पुस्तिका पॅरिसला छापवली आणि तीत प्रजातींना नावे दिली. पुस्तिकेकडे कोणी पाहिले नाही. १८०३ साली त्याच गृहस्थाने तोच विषय पुन्हा मांडला, तेव्हा बऱ्याच प्रजातींना त्याने निराळी नावे दिली. ही दुसरी नावे सर्वांनी उचलली आणि शंभर वर्षे ती सुखाने नांदली. १९०८ साली फ्रीड्रिख हेंडेल या ऑस्ट्रियन अभ्यासकाने ती विस्मृत पुस्तिका उजेडात आणून असे प्रतिपादन केले की कायदा तो कायदा, जुने नाव ते खरे नाव. झाले. पाण्याच्या काठी संध्याकाळी थव्याने उडणाऱ्या, न चावणाऱ्या ज्या बारीक माश्या, त्यांचे कुल ‘कायरोनोमिडी’ म्हणून सर्वतोमुखी होते. त्याला काही ग्रंथांतून ‘टेंडिपेडिडी’ म्हणू लागले, आणि लेखक कोणते नाव वापरतो एवढ्यावरून तो कोणत्या पक्षाचा हे ओळखता येऊ लागले. ही दुफळी अर्ध्या शतकाहून अधिक टिकली. दोन महायुद्धे त्या अवधीत सुरू होऊन संपली. अखेर १९६३ साली आयोगाने आपल्या विशेषाधिकारात हुकूम केला की १८०० ची पुस्तिका नामकरणापुरती मुळी प्रसिद्धच झालेली नाही असे समजावे. माणसाने स्वतःच्याच सनदेविरुद्ध स्वतःच्याच वहिवाटीने दावा जिंकावा आणि तोही मरणोत्तर एकशेअठरा वर्षांनी, असे दुसरे उदाहरण आमच्या इनाम कमिशनच्या दप्तरातही मिळावयाचे नाही.

केळ्यावरच्या चिलटाची फिर्याद यामानाने सभ्यपणाने चालली, पण तिच्यात गुंतलेली इभ्रत मोठी होती. फाब्रिसियसने १७८७ साली ‘मस्का फ्युनेब्रिस’ या नावाने एक माशी नोंदवली होती. स्वीडनमधल्या लुंड येथील फालेन याने १८२३ साली ‘ड्रोसोफिला’ ही प्रजाती स्थापन केली, आणि कायद्याच्या भाषेत ज्याला प्ररूप म्हणतात, म्हणजे ज्या जातीवर प्रजातीचे नाव कायमचे खिळलेले असते, तो मान या फ्युनेब्रिसकडे गेला. मायगेनने १८३० साली आपल्या सहाव्या खंडात काळ्या पोटाची म्हणून ‘मेलानोगॅस्टर’ ही जात वर्णिली. वास्तविक पोटाचे टोक काळेभोर असते ते नराचेच, मादीच्या पोटावर शेवटपर्यंत पट्टेच असतात, पण नावे पुरुषांवरून पडायची हा त्या काळचा रिवाज. पुढे १८६२ साली लोव्ह या जर्मन पंडिताने क्यूबाहून आलेली हीच माशी नवीन समजून ‘अँपेलोफिला’ म्हणून नोंदवली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या एका कोंदट खोलीत दुधाच्या बाटल्यांतून केळ्यांवर या माश्या पोसणाऱ्या थॉमस हंट मॉर्गनला १९१० साली पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला आणि आनुवंशिकतेच्या शास्त्राला नवे वळण लागले, त्या काळात त्यांच्या लेखांतून ती अँपेलोफिला म्हणूनच वावरत होती. मग मायगेनचा दस्त बत्तीस वर्षांनी जुना असल्याचे लक्षात आले आणि नाव बदलले. मॉर्गनला १९३३ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते मेलानोगॅस्टरच्या पुण्याईवर, आणि त्यानंतरही याच चिलटाने आणखी काही शास्त्रज्ञांना स्टॉकहोमला नेऊन आणले. स्वतः मात्र ते कधी गेले नाही.

आता गंमत अशी झाली की ड्रोसोफिला या एका नावाखाली पंधराशेच्या आसपास जाती गोळा झाल्या, आणि वंशावळ नीट तपासता असे दिसून आले की हे एकत्र कुटुंब नसून भलत्याच घराण्यांचा एका छपराखालचा मुक्काम आहे. वाटणी केल्यावाचून गत्यंतर नाही. पण वाटणी झाली तर प्रजातीचे नाव प्ररूपाकडे, म्हणजे त्या अप्रसिद्ध फ्युनेब्रिसच्या शाखेकडे राहणार. आणि जगातल्या प्रत्येक प्रयोगशाळेच्या दारावर जिचे नाव कोरले आहे ती मेलानोगॅस्टर ‘सोफोफोरा मेलानोगॅस्टर’ होऊन घराबाहेर पडणार. हा अनर्थ टळावा म्हणून काही अभ्यासकांनी आयोगाकडे अर्ज गुदरला की फ्युनेब्रिसला प्ररूपाच्या गादीवरून दूर करून मेलानोगॅस्टरला बसवावे. आयोगाने २०१० साली अर्ज नामंजूर केला. म्हणजे १९६३ साली सनदेवर वहिवाट वरचढ ठरली आणि २०१० साली वहिवाटीवर सनद. माझे मत विचाराल तर दोन्ही निकाल बरोबर आहेत. ज्या न्यायासनाचे सर्व निकाल एकाच दिशेला जातात त्याच्यापुढे वकिली करण्यात काही राम नाही. शिवाय ती वाटणी अद्याप कोणी केलेलीच नाही. तेव्हा चिलट आहे त्याच नावाने केळ्यावर बसलेले आहे, आणि निकालाची प्रत फायलीत.

हे सर्व परदेशातले रिकामपणाचे उद्योग असे ज्यांना वाटेल त्यांनी थोडे कोकणाकडे वळावे. केळ्यावरचे चिलट नासलेले फळ पाहून येते. आंब्याची फळमाशी निराळ्या कुळातली असून ती चांगल्या, पिकू घातलेल्या हापूसच्या सालीखाली अंडी घालते, आणि बाहेरून निष्कलंक दिसणारे फळ कापले की आत अळ्या वळवळताना दिसतात. अंगाने ती घरमाशीएवढी. वक्षावर दोन पिवळे पट्टे, पोटावर रोमन टी अक्षरासारखी काळी खूण. तिला ‘डॉर्सालिस’ हे नाव देणारा माणूस कोण, तर १८०० ची पुस्तिका उकरून काढणारा तोच हेंडेल, साल १९१२. त्याच सुमारास बिहारमधल्या पुसा येथील शेतकी संशोधन संस्थेत हाउलेट नावाच्या कीटकशास्त्रज्ञाच्या ध्यानात आले की सिट्रोनेला तेलाकडे फळमाश्यांचे थवे धाव घेतात, आणि ते थवे केवळ नरांचे असतात. १९१५ पर्यंत त्यातले मिथिल युजेनॉल हे आकर्षक द्रव्य त्याने हुडकून काढले. हेच द्रव्य आपल्या तुळशीत असते. आज आंब्याच्या बागेतून टांगलेले सापळे या वासावर चालतात. परसातल्या तुळशीवृंदावनाभोवती कोणी फळमाश्या जमलेल्या पाहिल्या तर त्यांच्या भक्तिभावाविषयी गैरसमज करून घेऊ नये.

या माशीचे पुढे काय झाले पाहा. पट्ट्याची रुंदी, खुणेची लांबी, अंडी घालण्याच्या नळीचे माप यांतले बारीकसारीक भेद जमवून १९९४ साली दोन अभ्यासकांनी डॉर्सालिसच्या गोतावळ्यात बावन्न जाती असल्याचे दाखवले. त्यांत पपईवरची एक, फिलिपाइन्सची एक अशा नव्या वतनदारांची भर पडली. आफ्रिकेत आंब्यावर अशीच माशी आढळली तेव्हा तिला २००५ साली ‘इन्व्हेडन्स’, म्हणजे आक्रमक, असे चौथे नाव बहाल झाले. नाव निराळे म्हटले की कीड निराळी, कीड निराळी म्हटली की बंदर निराळे, आणि बंदर निराळे म्हटले की दाखला निराळा. एका काळ्या खुणेच्या लांबीवर पेट्यांच्या पेट्या धक्क्यावर अडकून पडू लागल्या. मग त्यांची लग्ने लावून पाहिली, संतती तपासली, जनुके ताडून पाहिली. आणि २०१५ साली असा निर्णय प्रसिद्ध झाला की पपईची, फिलिपाइन्सची आणि आफ्रिकेची या तिन्ही जाती म्हणजे मुळातली डॉर्सालिसच होय. खातेफोड रद्द, पूर्ववत एकत्रीकरण.

आमच्या हापूसला मात्र या पांडित्याचा फारसा लाभ झाला नाही. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने फळमाशीच्या कारणावरून भारतीय आंब्याला दरवाजा बंद केला, आणि आंब्याच्या संगतीला अळू, कारले, पडवळ आणि वांगे यांनाही बसवले. आंब्यावरची बंदी उठली ती २०१५ च्या जानेवारीत. तिकडच्या नियमावलीत पाहावे तर बावन्न जातींचा पसारा बाजूला ठेवून ‘युरोपबाहेरील टेफ्रिटिडी’ असे एक सरसकट कलम घातलेले होते, म्हणजे कुल पुरे, जात विचारण्याचे कारण नाही, परकी असली की बस्स. आणि त्यांचेही बरोबरच आहे. तपासनीसाच्या हाती फळातून निघते ती अळी. तिला पंख नाहीत, पट्टे नाहीत, टी नाही, डोकेसुद्धा नावापुरतेच. तिला किल्ली लावायची तर ती मोठी होईपर्यंत तिला आंबा खाऊ घालीत बसावे लागेल, आणि तेवढा वेळ हापूस पुढ्यात ठेवून नुसते बसणे कोणत्याही देशाच्या नोकरशाहीला शक्य नाही.

संग्रहालयात या सर्व घडामोडींची साक्ष राखून ठेवण्याची एक रीत आहे, ती मला फार आवडते. टाचणीवर माशी असते. तिच्याखाली ती कोठे, केव्हा, कोणी धरली याची चिठ्ठी. तिच्याखाली ती ओळखणाऱ्याच्या नावाची आणि निर्णयाची चिठ्ठी. पुढे दुसऱ्या पंडिताने ओळख बदलली तर त्याने पहिली चिठ्ठी काढायची नाही, आपली चिठ्ठी त्याच टाचणीत तिच्याखाली टोचायची. तिसऱ्याने तिसरी. जुना निकाल फिरतो, पण फाडला जात नाही. आणि शेवटच्या चिठ्ठीवर कधी कधी जे नाव असते ते पहिल्या चिठ्ठीवरचेच असते. माशी वर, तीन मिलिमीटर. खाली चिठ्ठ्यांचा मजल्यावर मजला.

एवढा कायदा आणि एवढा कागद जमल्यावर केळ्यावरचे साधे चिलट तरी खात्रीने ओळखता यावे, अशी कोणाचीही अपेक्षा असणार. तिलाही १९१९ साली सुरुंग लागला. मॉर्गनच्या खोलीत वाढलेला त्याचा शिष्य आल्फ्रेड स्टर्टेव्हंट, ज्याने विद्यार्थिदशेतच गुणसूत्रावरच्या जनुकांचा पहिला नकाशा तयार करून १९१३ साली प्रसिद्ध केला होता, त्याच्या असे लक्षात आले की मेलानोगॅस्टर म्हणून पाळलेल्या माश्यांत काही माश्या मेलानोगॅस्टर नाहीतच. दिसायला अगदी हुबेहूब; पण संसार मांडून दिला की बिंग फुटते. आई मेलानोगॅस्टर आणि बाप दुसऱ्या जातीचा असला तर मुली तेवढ्या जगतात. आई दुसऱ्या जातीची आणि बाप मेलानोगॅस्टर असला तर बहुधा मुलगेच. आणि जी जगतात ती सगळी निपुत्रिक. त्याने या नव्या जातीला ‘सिम्युलन्स’, सोंगाडी, असे नाव दिले. तांबडा आणि हिरवा रंग ज्याला नीट वेगळे दिसत नसत असा हा मनुष्य; चांगल्या डोळ्यांच्या लोकांना जे दिसले नाही ते त्याला दिसले, यावरून रंगांच्या मोहात न पडल्यास निरीक्षण बरे होते असे म्हणावेसे वाटते.

दोन्ही जातींतल्या नरांत भेद आहे. नराच्या पोटाच्या शेवटाला, जननांगाच्या कमानीवर, एक लहानशी पाळी असते. मेलानोगॅस्टरची ती बारीक आणि बोटासारखी, सिम्युलन्सची रुंद आणि अर्धवर्तुळाकार. सूक्ष्मदर्शकाखाली नराला उताणे केले की क्षणात खुलासा होतो. माद्यांच्या बाबतीत मात्र नजरपाहणी चालत नाही. सरावलेला माणूसदेखील हात टेकतो. तेव्हा बागेतून मादी धरून आणली असता अभ्यासक एक युक्ती करतात. तिला एकटीला बाटलीत घालतात. बाटलीच्या तळाशी तिच्यासाठी अन्न शिजवून ठेवलेले असते. आपल्या देशातल्या प्रयोगशाळांत ते रवा, गूळ आणि घट्टपणासाठी अगर घालून करतात, म्हणजे वर टाकलेले बुरशीनाशक आम्ल वगळले तर तो सांजाच. रानातून येतानाच तिचे लग्न झालेले असते. ती त्या सांज्यावर अंडी घालते, आणि पंचवीस अंश तापमान राखले तर दहा दिवसांच्या सुमारास पुढची पिढी पंख झटकत वर येते. मग तिच्या मुलांपैकी एकाला ईथर देतात, उताणे करतात, पाळी पाहतात आणि दप्तरात आईचे नाव लिहितात. आमच्या आळीतही कित्येक बायकांना लोक वर्षानुवर्षे बंड्याची आई, बाळूची आई म्हणूनच ओळखत आले; फरक इतकाच की बंड्याला त्यासाठी कोणी उताणे केले नव्हते.